पान्ह्याचा ठावठिकाणा

मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण संस्कृतात पीयूषाचा आणखी एक अर्थ आहे : नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, म्हणजे आपला चीक. पाश्चात्त्यांनी याच ग्रंथीला पिट्युटरी म्हटलं ते 'पिट्युइटा' या लॅटिन शब्दावरून, आणि त्याचा अर्थ शेंबूड, कफ. मेंदूतला कफ या ग्रंथीवाटे नाकात झिरपतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. दोन्ही नावं शेजारी ठेवली तर मला मराठी नाव फार आवडतं. गाईच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं आहे. दूध तयार व्हायला लागणारं प्रोलॅक्टिन आणि तयार झालेलं दूध आचळात उतरवणारं ऑक्सिटोसिन, ही दोन्ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, याच इवल्याशा गाठीतून रक्तात जातात.

याच गाठीतून, पण एकाच ठिकाणाहून नाही. गाय पान्हा सोडते तेव्हा सुटणारं ऑक्सिटोसिन ग्रंथीच्या मागच्या भागातलं असतं आणि ते तिथे बनलेलंही नसतं. त्याच दुधाच्या निर्मितीमागचं प्रोलॅक्टिन पुढच्या भागातल्या पेशींत घडतं. दोघांत अंतर असतं फार तर सेंटिमीटरभर. एवढ्याशा अंतरात दोन वेगळ्या वंशांच्या ऊती, दोन वेगळे रक्तपुरवठे आणि काम करण्याच्या दोन वेगळ्या रीती नांदतात. म्हणून 'अमुक संप्रेरक पीयूषिकेत कुठे असतं?' या प्रश्नात मला चार प्रश्न दिसतात. ते बनतं कुठे, साठतं कुठे, रक्तात कुठे मिसळतं, आणि आपल्याला सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर दिसतं कुठे. ही चार उत्तरं नेहमी एक नसतात. या ग्रंथीवरचे बरेचसे गोंधळ, जुनेही आणि आजचेही, एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्याने झालेले आहेत.

आधी ती बसते कुठे ते पाहू. कवटीच्या तळाच्या हाडात एक खोलगट जागा असते. आकारावरून तिला तुर्की खोगीर म्हणतात. त्या खोगिरात ही जेमतेम दोन-तीन ग्रॅमांची गाठ पहुडलेली असते. वरून मेंदूच्या कठीण आवरणाचा पडदा तिला झाकतो आणि त्या पडद्याला पडलेल्या भोकातून एक नाजूक देठ वर, मेंदूच्या तळाच्या हायपोथॅलॅमस या भागाकडे जातो. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यात ग्रंथीच्या दोन्ही अंगांना बारीक धमन्यांचं दाट जाळं असतं. मेंदूकडे जाणारं रक्त या जाळ्यातून जातं. ग्रंथी काढताना ते फाटलं की सगळं क्षेत्र रक्ताने भरतं आणि आपण काय कापतोय तेच दिसेनासं होतं.

ग्रंथी मधोमध उभी कापली, म्हणजे डावं-उजवं असे दोन सारखे अर्धे केले, की तिची सगळी रचना समोर येते. पुढे आणि खाली मोठा, लालसर तपकिरी, भरीव भाग, तो अग्रखंड. मागे आणि वर लहान, फिकट, पांढुरका भाग, तो पश्चखंड. माणसाच्या शरीररचनेच्या पुस्तकांतून आलेल्यांची इथे फसगत होते, कारण चार पायांच्या जनावरात 'अग्र' म्हणजे नुसतं पुढे नव्हे, खालीही. दोन्ही खंडांच्या मधे नुसत्या डोळ्यांना दिसणारी एक फट असते. गाईत ती आयुष्यभर टिकते. घोड्यात ती नसते. पण ही फट दोन खंडांची सीमा नव्हे, आणि हे लक्षात ठेवायलाच हवं. फटीच्या मागच्या भिंतीवर, पश्चखंडाला घट्ट चिकटलेला, एक पातळ थर असतो, तो मध्यखंड. वंशाने तो अग्रखंडाचा सख्खा भाऊ. गर्भात तोंडाच्या छतापासून एक पिशवी वर उगवते आणि मेंदूच्या तळापासून एक कोंब खाली येतो. पिशवीच्या पुढच्या भिंतीचा अग्रखंड होतो, मागच्या भिंतीचा मध्यखंड, कोंबाचा पश्चखंड, आणि पिशवीची पोकळी म्हणजेच ती फट.

याचा व्यवहारात परिणाम असा की फटीत बोथट सुरी घालून दोन तुकडे वेगळे केले, तर पुढचा तुकडा बऱ्यापैकी शुद्ध अग्रखंड असतो, पण मागचा कधीच शुद्ध पश्चखंड नसतो. मध्यखंड त्याच्याबरोबर जातो. 'पश्चखंडाचा अर्क' म्हणून जे जे पूर्वी वापरलं गेलं त्यात बेडकाची कातडी काळवंडवणारा गुण मिळायचा, तो या पाहुण्या थराचा. हा गुण मध्यखंडाचा आहे हे १९३२ मध्ये त्सोंडेक आणि क्रोन यांनी त्याला 'इंटरमेडिन' असं नाव देऊन पक्कं केलं.

शोधांचा क्रमही असाच उलगडत गेला. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी पीयूषिकेच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे दाखवलं, पण अर्क अख्ख्या ग्रंथीचा होता. १८९८ मध्ये हॉवेल यांनी दोन्ही खंड वेगळे करून पाहिले. रक्तदाब वाढवणारा गुण फक्त मागच्या खंडात निघाला. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना त्याच खंडाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतो हे दिसलं, आणि १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांना त्यानेच दूध उतरतं हे दिसलं. पुढे कित्येक वर्षं या द्रव्यांचं मोजमापही गाई-बैलांच्या ग्रंथीवरच बेतलेलं होतं. वाळवलेल्या पश्चखंडाच्या प्रमाण भुकटीचे ०.५ मिलिग्रॅम म्हणजे एक युनिट.

अग्रखंडाकडे मात्र बराच काळ एकसंध गोळा म्हणूनच पाहिलं जाई. ते बदलणाऱ्या प्रयोगात बैलाची पीयूषिका होती, आणि हा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. अग्रखंडाचा काप रंगवला तर गाई-बैलांत एक गोष्ट इतर अनेक प्राण्यांपेक्षा ठळक दिसते. आम्लरंगी पेशी, म्हणजे इओसिन किंवा ऑरेंज-जी सारखा रंग धरणाऱ्या, कडेच्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंच्या पंखांत दाटलेल्या असतात. आणि मधल्या गाभ्यात, देठाच्या बाजूला, अल्करंगी, म्हणजे अल्कधर्मी रंग धरणाऱ्या, पेशींची गर्दी असते. फिलिप स्मिथ आणि आयरीन स्मिथ यांनी १९२३ मध्ये या नैसर्गिक वाटणीचा फायदा घेतला. कडेचा भाग वेगळा, गाभा वेगळा, आणि दोन्ही निरनिराळ्या बेडूकमाशांना टोचले. हे बेडूकमासे साधे नव्हते. पीयूषिकेचा अंकुरच लहानपणी काढून टाकल्यामुळे ते चंदेरी पडलेले, वाढ खुंटलेले, थायरॉइड सुकलेले आणि म्हणून बेडूक न होऊ शकणारे. गाभ्याच्या द्रव्याने त्यांची थायरॉइड जागी झाली. कडेच्या द्रव्याने ते वाढले. वाढीचं संप्रेरक आणि थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक एकाच खंडात वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे प्रतिपिंडांच्या, म्हणजे नेमका एकेक रेणू ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, काळाआधी नुसत्या सुरीने सिद्ध झालं. पुढे १९४४ मध्ये ली आणि इव्हान्स यांनी गाईच्याच पीयूषिकांतून वाढीचं संप्रेरक शुद्ध करून काढलं.

रंगांचं गणित थोडक्यात असं. आम्लरंगी पेशींत दोन प्रथिन-संप्रेरकं असतात, वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन. अल्करंगी पेशींत साखरेची शेपटी जोडलेली तीन : थायरॉइडला चेतवणारं टीएसएच, आणि जननग्रंथींना चेतवणारी एलएच व एफएसएच. साखर असल्यामुळे या पेशी पीएएस रंगाने किरमिजी होतात. अल्डिहाइड फुक्सिनने त्यांतल्या टीएसएचच्या पेशी जांभळ्या उठून दिसतात. ॲड्रिनल ग्रंथीला चेतवणाऱ्या एसीटीएचच्या पेशी मात्र या वाटणीत नीट बसत नाहीत. कधी त्या फिकट अल्करंगी, तर कधी रंगहीन. अग्रखंडात गाभ्याकडे टीएसएचच्या पेशी, पंखांकडे वाढीच्या संप्रेरकाच्या पेशी, आणि एलएच-एफएसएचच्या पेशी दोन्हीकडे पसरलेल्या, हे चित्र मनात धरून काम सुरू करायला हरकत नाही. पण हा दाटी-विरळीचा नकाशा आहे. गाभ्यात एकही आम्लरंगी पेशी सापडणार नाही असं कुणी मानू नये.

आता रंग न धरणाऱ्या पेशी. त्यांना रंगहीन म्हणून बाजूला टाकायची सवय फार नुकसान करते. त्यांतल्या काही खरोखर संप्रेरक न करणाऱ्या, तारकेसारखे हात पसरलेल्या आधारपेशी असतात. एस-१०० प्रथिनाच्या प्रतिपिंडाने त्या उजळतात. त्यांनाही कमी लेखू नये. रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारा व्हीईजीएफ हा घटक १९८९ मध्ये फेरारा आणि हेन्झेल यांनी गाईच्या पीयूषिकेतल्या याच पेशींच्या कल्चरमधून वेगळा केला. पण उरलेल्या रंगहीन पेशींतल्या कित्येक म्हणजे नुकताच माल रवाना केलेल्या, रिकाम्या झालेल्या कामकरी पेशी असतात. रंग पेशीला लागत नाही, तिच्यात साठलेल्या कणांना लागतो. जी पेशी जोमाने स्रवते आहे आणि साठवत नाही, ती फिकी दिसते. जी बनवून ठेवते आणि सोडत नाही, ती भडक. काचपट्टीवरचा गडदपणा म्हणजे कामाचा जोर नव्हे. बरेचदा उलटच असतं.

रंगांवर विसंबता येत नाही म्हणून प्रतिपिंडं आली. एकेका संप्रेरकाला ओळखून चिकटणारं प्रतिपिंड, त्यावर दुसरं, त्यावर एन्झाइम, आणि शेवटी डीएबी या रंगद्रव्याचा तपकिरी ठसा. यामुळे सगळे प्रश्न सुटले असं वाटतं, आणि गाईच्या पीयूषिकेत नेमके इथेच नवे फसवे रस्ते उघडतात.

पहिला फसवा रस्ता एलएच, एफएसएच आणि टीएसएच यांच्या रचनेत आहे. प्रत्येक रेणू दोन साखळ्यांचा, अल्फा आणि बीटा. तिघांची अल्फा साखळी एकच. अख्ख्या एलएचच्या रेणूविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड अल्फालाही ओळखतं, त्यामुळे ते टीएसएचच्या पेशींवरही बसतं आणि एलएचचा प्रदेश दुप्पट दिसतो. फक्त बीटा साखळीविरुद्धची प्रतिपिंडं वापरायची, आणि तीही आधी तपासून. तपासणी म्हणजे प्रतिपिंड त्याच्या स्वतःच्या शुद्ध संप्रेरकात रात्रभर मुरवायचं, मग तो ठसा नाहीसा व्हायला हवा. शेजारच्या काचपट्टीसाठी तेच प्रतिपिंड दुसऱ्या संप्रेरकात मुरवायचं, तिथे ठसा टिकायला हवा. वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन हेही दूरचे नातलग आहेत, म्हणून त्यांच्याही बाबतीत ही उलटतपासणी टाळू नये.

दुसरा रस्ता मध्यखंडाकडे जातो आणि तो जास्त खोल आहे. अग्रखंडातल्या एसीटीएच-पेशी आणि मध्यखंडातल्या जवळपास सगळ्या पेशी एकच लांब पूर्वज-प्रथिन बनवतात, पीओएमसी. या प्रथिनाची गाईतली संपूर्ण साखळी, २६५ अमिनो आम्लांची, १९७९ मध्ये शोसाकू नूमा यांच्या क्योटोतल्या गटाने उलगडली. त्यासाठीचा आरएनए त्यांनी घेतला तो गाईच्या मध्यखंडातूनच. अग्रखंडात हे पूर्वज-प्रथिन एका एन्झाइमाच्या कात्रीने कापलं जातं आणि ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच मिळतं. मध्यखंडात आणखी एक कात्री आहे. ती त्या एसीटीएचचेच तुकडे करते : पहिल्या १३ आम्लांचं अल्फा-एमएसएच (कातडी काळवंडवणारं संप्रेरक ते हेच), आणि १८ ते ३९ हा उरलेला तुकडा. म्हणजे जनुक एक, पूर्वज एक, आणि पेशी फटीच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून शेवटचं संप्रेरक ठरतं.

आता एसीटीएचच्या मागच्या टोकाविरुद्धचं प्रतिपिंड घ्या. अग्रखंडात ते खरं एसीटीएच दाखवेल आणि मध्यखंडात तो उरलेला तुकडा. काचपट्टीवर दोन्ही तपकिरी. पुढच्या टोकाविरुद्धचं घेतलं तर मध्यखंडात ते अल्फा-एमएसएचवर किंवा न कापलेल्या पीओएमसीवर बसू शकतं. अशा काचपट्टीवरून 'मध्यखंडात भरपूर एसीटीएच आहे' असं लिहिणं साफ चूक. अल्फा-एमएसएचच्या शेवटच्या टोकाला एक अमाइड गट असतो, जो एसीटीएचमध्ये त्या जागी नसतोच. त्या टोकालाच ओळखणारं प्रतिपिंड शेजारच्या कापावर वापरलं तर दोन्ही बाजू स्वच्छ वेगळ्या होतात. नाहीतर ऊतींचा अर्क काढून, तुकडे आकारमानाने वेगळे करून मोजायचे.

मध्यखंड फटीकडे एका जागी उंचवटा करतो. रोझालिंड वुल्झन यांनी १९१४ मध्ये बैलाच्या ग्रंथीत त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला वुल्झनचा शंकू म्हणतात. हा शंकू मध्यखंडाला जोडलेला, फटीच्या मागच्या बाजूचा. पण त्यातल्या पेशी दिसतात अग्रखंडासारख्या, आम्लरंगी आणि अल्करंगी दोन्ही. काप नेमका शंकूतून गेला आणि बघणाऱ्याला तो ठाऊक नसला, तर मध्यखंडात वाढीचं संप्रेरक सापडल्याचा शोध लागतो. सुरीने खंड वेगळे करतानाही हा शंकू मागच्या तुकड्याबरोबर जातो आणि त्याच्या अर्कात अग्रखंडाची संप्रेरकं मिसळतात. मागच्या तुकड्याच्या मोजमापात थोडंसं प्रोलॅक्टिन किंवा वाढीचं संप्रेरक दिसलं, तर आधी या शंकूवर संशय घ्यावा.

आता पश्चखंड. इथे 'बनतं कुठे' आणि 'साठतं कुठे' यांची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत. ऑक्सिटोसिन आणि रक्तदाब वाढवणारं व्हॅसोप्रेसिन हायपोथॅलॅमसमधल्या मज्जापेशींच्या दोन पुंजक्यांत बनतात. तिथून आपापल्या वाहक प्रथिनाबरोबर, न्यूरोफायसिनबरोबर, कणांत बांधून मज्जातंतूंच्या आतून देठामार्गे खाली येतात आणि पश्चखंडात तंतूंच्या टोकांशी साठतात. वाटेत तंतू जिथे फुगतात तिथे कणांचे ढीग लागतात. ते साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात, आणि त्यांना हेरिंग पिंड म्हणतात. हा सगळा प्रवास १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान यांनी सस्तन प्राण्यांत गोमोरीच्या निळ्या रंगाने दाखवला. तोवर पश्चखंडातल्या आधारपेशीच ही संप्रेरकं बनवतात असा अनेकांचा समज होता. माल गोदामात दिसला म्हणून गोदामालाच कारखाना समजण्याची ही चूक होती. आजही ती तपासता येते. पश्चखंडात ऑक्सिटोसिनचं प्रतिपिंड भरघोस ठसा देतं, आणि ऑक्सिटोसिनच्या संदेशवाहक आरएनएचा, म्हणजे ते बनवण्याच्या सूचनेचा, शोध घेतला तर तो वर हायपोथॅलॅमसच्या पेशींत सापडतो. संप्रेरकाचं 'ठिकाण' कुणी विचारलं की म्हणूनच मला आधी विचारावंसं वाटतं : प्रथिन शोधताय की संदेश?

दोन्ही संप्रेरकं नऊ-नऊ अमिनो आम्लांची आहेत. गाईत व्हॅसोप्रेसिनच्या आठव्या जागी आर्जिनीन असतं आणि डुकरात लायसीन, म्हणून डुकरावरून बेतलेलं प्रतिपिंड गाईवर वापरण्याआधी त्याचं नेमकं लक्ष्य वाचून घ्यावं. ऑक्सिटोसिनची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या विन्सेंट द्यू विन्यो यांना १९५५ चं नोबेल मिळालं.

देठाभोवती अग्रखंडाचीच एक पातळ बाही गुंडाळलेली असते. तिच्यात मेलाटोनिन, म्हणजे अंधारात सुटणारं संप्रेरक, ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांतून निघणारं टीएसएच खाली रक्तात न जाता वर हायपोथॅलॅमसला दिवसाची लांबी कळवतं. मेंढीत हे फार स्पष्ट दिसतं. मेंदू ओढून काढताना हीच बाही आधी फाटते आणि बहुतेक नमुन्यांत ती हरवलेलीच असते.

तेव्हा नमुना कसा घ्यायचा हे सांगायलाच हवं, कारण नकाशातल्या निम्म्या चुका सूक्ष्मदर्शकाच्या आधीच झालेल्या असतात. कवटी मधोमध करवतीने चिरली तर ग्रंथीही चिरडते. करवत मध्यरेषेपासून जरा बाजूने चालवावी, किंवा कवटीचं छत काढून मेंदू मागून पुढे उचलावा आणि देठ ताणण्याआधी बारीक कात्रीने कापावा. मग खोगिराची मागची भिंत हाडकापीने थोडी थोडी तोडावी, वरचा पडदा कडेकडेने सोडवावा आणि ग्रंथीला चिमटा न लावता तो पडदा धरूनच ती उचलावी. चिमट्यात दाबलेल्या जागी पेशी लांबट, गडद आणि निरुपयोगी होतात. हे सगळं मृत्यूनंतर अर्ध्या तासात झालं तर उत्तम. संप्रेरकांचे कण टिकतात, पण पेशींच्या सीमा लवकर पुसट होतात. अनेक देशांत वेड्या गाईच्या रोगामुळे ठरावीक वयावरच्या जनावरांची कवटी आणि मेंदू वेगळ्या नियमांखाली येतात. हाताळणी, विल्हेवाट आणि परवानगी यांचा विचार सुरीला हात लावण्यापूर्वी करावा.

अख्खी ग्रंथी ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये टाकून निघून जाणं ही सर्वांत सामान्य चूक. फॉर्मॅलिन ताशी मिलिमीटरभर शिरतं, तेवढ्यात गाभा सडायला लागतो. आणि गाभ्यातच अल्करंगी पेशींची गर्दी! परिणामी टीएसएचच्या पेशी 'कमी' भरतात. धारदार पात्याने आधी दोन अर्धे करावेत, जाड असतील तर पाच मिलिमीटरचे काप. द्रव ऊतीच्या किमान वीसपट. १० टक्के तटस्थ फॉर्मॅलिनमध्ये २४ तास पुरतात. आठवडाभर ठेवलं तर प्रतिजनांची टोकं, म्हणजे प्रतिपिंड जिथे चिकटतं त्या जागा, झाकली जातात आणि मग उष्णतेने ती उघडावी लागतात. बुअँच्या द्रवात, म्हणजे संपृक्त पिक्रिक आम्ल ७५, फॉर्मॅलिन २५ आणि शुद्ध ॲसेटिक आम्ल ५ भाग, पीयूषिकेचे कण फार सुंदर दिसतात. १२ ते २४ तासांनी नमुना काढून पिवळा रंग जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल बदलत राहायचं. पण आरएनए शोधायचा असेल तर बुअँ नको, आणि पिक्रिक आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नये, ते स्फोटक होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मिलिमीटरचे चौकोन ग्लुटराल्डिहाइडमध्ये, आणि ते चौकोन गाभ्यातले की पंखातले हे तेव्हाच लिहून ठेवायचं. नंतर ते सांगता येत नाही.

बाजू ओळखण्यासाठी शाईचा ठिपका लावावा. मेणात बसवलेल्या अर्ध्या ग्रंथीची डावी-उजवी, वरची-खालची बाजू आठवडाभराने कुणालाच आठवत नाही.

कापाची दिशा हा स्वतंत्र निर्णय आहे. मध्यरेषेतला उभा काप सगळे खंड, फट, शंकू आणि देठ दाखवतो, म्हणून तोच सगळीकडे छापलेला असतो. पण तो गाभ्यातून जातो. पंख त्यात येतच नाहीत. त्यावरून पेशींची टक्केवारी काढली तर वाढीच्या संप्रेरकाच्या पेशी कमी आणि अल्करंगी जास्त निघणार. बाजूचा उभा काप घेतला तर बरोबर उलटं. आडवा काप कड, गाभा आणि दोन्ही पंख एकत्र दाखवतो, पण फटीमागचा पातळ मध्यखंड त्यात तिरका कापला जाऊन जाड भासतो. मोजणी करायची असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर काप उचलावेत आणि प्रत्येकावर सारख्याच रीतीने क्षेत्रं निवडावीत. जिथे 'छान दिसतंय' तिथे मोजू नये.

प्रतिपिंडांच्या कामात तांबड्या पेशींकडे लक्ष असू द्यावं. अग्रखंडात रक्ताच्या पोकळ्या भरपूर असतात आणि तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला पेरॉक्सिडेजचा, म्हणजे डीएबी तपकिरी करणाऱ्या एन्झाइमाचा, गुण असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो आधी बंद केला नाही तर पोकळ्यांच्या कडेला सगळं तपकिरी होतं आणि संप्रेरक रक्तात शिरताना पकडल्याचा भास होतो. वयस्क गाईंच्या पेशींत साठलेलं तपकिरी रंगद्रव्य चमकत्या रंगांच्या पद्धतीत आपोआप उजळतं. प्रतिपिंड न लावलेली एक काचपट्टी शेजारी असली की दोन्ही शंका मिटतात.

एका पेशीत एकच संप्रेरक हा नियमही ढिला धरावा लागतो. गाईत वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन दोन्ही बाळगणाऱ्या पेशी आहेत. एलएच आणि एफएसएच तर बहुधा एकाच पेशीत एकत्र भेटतात. लागोपाठच्या दोन कापांवर दोन प्रतिपिंडं लावून 'तीच पेशी' ओळखायला जाऊ नये. चार-पाच मायक्रॉनच्या कापांत पेशी पटकन बदलते. एकाच कापावर दोन रंगांनीच ते दाखवावं आणि मोजणीत तीन रकाने ठेवावेत : फक्त हे, फक्त ते, दोन्ही.

आणि शेवटी जनावराचा काळ. माजावर आलेल्या गाईत एलएचची मोठी लाट उठते आणि साधारण दिवसाभराने बीज सुटतं. लाटेनंतर ग्रंथीतला एलएचचा साठा घटलेला असतो. व्यायच्या सुमारास तर तो अगदी तळाला जातो, कारण गाभणपणाच्या अखेरीस इस्ट्रोजेन फार वाढलेलं असतं, आणि तो भरून यायला काही आठवडे लागतात. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या कापात एलएच-बीटाचा ठसा फिका निघाला तर प्रतिपिंड बदलण्याआधी व्यायची तारीख पाहावी. प्रोलॅक्टिनच्या पेशी धार काढताना आणि वासरू पिताना रिकाम्या होतात. एकदा दूध सुरू झालं की गाईत प्रोलॅक्टिनपेक्षा वाढीच्या संप्रेरकाचं वजन जास्त पडतं, त्यामुळे दुभत्या आणि भाकड गाईंच्या ग्रंथी एकाच ढिगात टाकल्या तर कडेच्या पट्ट्यातली आकडेवारी कुणालाच उलगडत नाही. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर नर की मादी, वय, अर्धा डावा की उजवा, मृत्यूनंतर किती मिनिटांनी द्रवात पडला, हे तर लिहावंच. शिवाय वेत कितवं, व्याल्याला किती दिवस झाले, आणि त्या दिवशीची धार काढून झाली होती की कास भरलेली होती, हेही लिहावं.